संगणकातलं दावं

साऱ्या वऱ्हाडात बैलांनी, माणसांनी आणि नशिबाने मिळून आजवर जेवढे दोर तोडले असतील, त्याहून जास्त दोर आमच्या साडूंनी एकट्यांनी तोडले आहेत. तेही अमरावतीत, पंख्याखाली, खुर्चीवरून न उठता. ज्याला ही अतिशयोक्ती वाटत असेल त्याने खुशाल मोजायला बसावं. मला वेळ नाही, मला अकोल्यात बी-बियाण्यांचं दुकान चालवायचं असतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि शिकवून उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ सगळ्याच वेळात, संगणकात दोर वळतात. त्याचं एक सॉफ्टवेअर असतं म्हणे. त्यात एकेक तंतू केसासारखा काढायचा, त्याला पीळ द्यायचा, असे शेकडो तंतू मिळून एक पदर करायचा आणि दोन पदर एकमेकांवर वळून दोर. मग त्या दोराची टोकं धरून संगणकालाच सांगायचं, ओढ. संगणक बिचारा दोन दोन दिवस ओढत बसतो. तिसऱ्या दिवशी दोर तुटतो आणि साडू पोरगा बोर्डात आल्यासारखा चेहरा करून सांगतात, "तुटला!" मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा साधा प्रश्न विचारला, "साडूभाऊ, दोर बाजारात भेटते, कात्री घरात हाय. मंग हे सारं कावून?" त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की मला क्षणभर आपण शेणात उगवल्यासारखं वाटलं. "भाऊ," ते म्हणाले, "तोडल्याशिवाय कळलं पाहिजे की तो कधी तुटेल. त्यासाठी हे." मी मान हलवली. एखाद्याचं डोकं फिरलं असेल तर मान हलवावी, एवढं तारतम्य दुकानदाराला असतंच.

अमरावतीचा मे महिना ज्याने भोगला आहे त्याला पुढची गोष्ट कळेल. साडूंच्या घरी कूलर एकच आणि त्याचं तोंड कायम संगणकाकडे. कारण तो डबा तापला की हिशेब मधेच बंद पडतो आणि दोर बिचारा अर्धवट तुटलेल्या अवस्थेत लोंबकळत राहतो. माणसं तापली तर काही बंद पडत नाही, त्यामुळे माणसांची सोय दाराच्या फटीतून येणाऱ्या झळांवर. माझी मेहुणी ओला पंचा डोक्यावर घेऊन भाजी निवडत बसलेली मी पाहिली आहे. मला म्हणाली, "भाऊजी, पुढच्या जन्मी यायच्या घरात मले बायको करू नको, संगणक कर, असं देवाले सांगून ठेवलं मी. वारा तं लागन." साडू तिथेच होते. त्यांनी ते ऐकलं नाही. पडद्यावरचा दोर तेवढ्यात ताणला जात होता ना!

बरं, हे वेड घरात कोंडून राहणारं असतं तर गोष्ट वेगळी. पण पीळ दिला आहे अशी कोणतीही वस्तू दिसली की साडूंचे हात शिवशिवतात. माझ्या नातवाच्या बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या, आणि हे गृहस्थ पाळण्याच्या दोरीची गाठ सोडून आतला पीळ बघत होते. पोरगा तेव्हा आत्याच्या मांडीवर होता म्हणून आज तो बालवाडीत जातो आहे. आणखी एकदा ते अकोल्याला आमच्याकडे जेवायला येणार होते. बडनेऱ्याच्या फलाटावर एक गादीवाले चाचा कापसाचा भलामोठा गठ्ठा घेऊन बसलेले. गठ्ठ्याला बांधलेला दोर साडूंना आवडला. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि इंचात किती वेढे बसतात ते मोजायला सुरुवात केली. चाचांनी बराच वेळ सहन केलं, मग म्हणाले, "भाईसाब, गठ्ठा मेरा, रस्सी मेरी. आप गिन क्या रहे हो?" साडू म्हणाले, "बस, दो मिनिट." दोन मिनिटांत चाचांची गाडी आली, गठ्ठा डब्यात चढला आणि मोजणी अर्धी राहिली म्हणून पाठोपाठ साडूही चढले. गाडी नागपूरकडे जाणारी होती. आम्ही अकोल्यात वांग्याची भाजी आणि भाकरी झाकून बसलो होतो तेव्हा वर्ध्याहून फोन आला, "भाऊ, एक फार सुंदर नमुना मिळाला." मी विचारलं, "आणि जेवण?" ते म्हणाले, "चाचांनी दिलं. माणूस चांगला आहे, फक्त दोराला पीळ कमी देतो."

आता त्यांच्या आयुष्यातल्या एकमेव खऱ्या दोराकडे येतो. आमचे सासरे, म्हणजे आम्हा दोघांचे मामाजी, तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात राहतात. मेहुण्याने ट्रॅक्टर घेतला तरी मामाजींनी बैलजोडी ठेवलेली आहे आणि बैलाच्या गळ्यात नायलॉनचा निळा दोर दिसला की ते माणसाच्या गळ्याकडे बघतात. अंबाडीचं वाक, म्हणजे सालीतले तंतू, काढून, स्वतःच्या हाताने दावं वळायचं आणि दर पोळ्याला प्रत्येक जावयाला एक नवं दावं द्यायचं, ही त्यांची रीत. जावयाला दावं देण्यात काही सूचना आहे का, असं मी पहिल्या वर्षी बायकोला विचारलं होतं. तिने दावं नीट गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवलं, त्यावरून समजलो. अकोल्यात माझ्याकडे बैल नाही. एका दाव्याने कूलर गच्चीवर चढला, एकावर कपडे वाळतात, एक स्कूटरमागे पोतं बांधायला गेलं आणि बाकीची कुठे गेली ते मला विचारू नका. पण मी घेताना दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि सासऱ्यांच्या नजरेत उत्तम जावई ठरलो.

साडूंनी काय केलं? लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला मिळालेलं दावं ते थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले, लोखंडी मशीनच्या जबड्यात अडकवलं आणि ताडकन तोडलं. बरं, तोडलं ते तोडलं. त्याचा अहवाल टाइप करून, वर प्लास्टिकचं कव्हर घालून, दिवाळीला मामाजींच्या हातात दिला. वर म्हणाले, "मामाजी, अभिनंदन! तुमचं दावं बाजारातल्यापेक्षा कितीतरी जास्त ताण घेतं." मामाजींनी कागद उलटासुलटा करून पाहिला. मग ते शांतपणे म्हणाले, "जवाईबुवा, दावं मानूस बांधाले देते. तोडाले नाई." पुढच्या पोळ्यापासून मला दावं आणि साडूंना दुपट्टा-नारळ. दुपट्टा-नारळ गावात कोणालाही देतात. तलाठी आला तरी देतात. साडूंनी कधी तक्रार केली नाही, पण दर पोळ्याला माझ्या हातातल्या दाव्याकडे ते ज्या नजरेने बघत, तशी नजर मी फक्त उपाशी वासराच्या डोळ्यांत पाहिली आहे. हात मात्र कधी लावला नाही, मामाजींनी जे आपल्याला दिलं नाही ते उसवायचं नाही, एवढं ते त्या दिवाळीला शिकले होते. वीस वर्षं हे चाललं.

आणि विनोद असा, की त्यांनी पीएचडीला विषय घेतला तो त्याच तुटलेल्या दाव्याचा. अंबाडीचं हातवळणीचं दावं संगणकात जसंच्या तसं उभं करायचं आणि मशीनवर तुटलं तेवढ्याच ताणाला तिथे तुटलं पाहिजे. सोपं वाटतं ना? पण संगणकातलं दावं उभंच राहीना. टोकं सोडली रे सोडली की ते अंग टाकायचं, वळवळायचं, स्वतःभोवती गुंडाळून जिलबी व्हायचं. साडूंनी मला समजावलं तेवढं सांगतो. दोराला दोन पीळ असतात. आधी एकेक पदर एका दिशेने वळायचा, मग दोन्ही पदर एकमेकांवर उलट दिशेने. दोन पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणून दोर सुटत नाही. साडूंकडे जुन्या दाव्याचा फोटो होता, त्यात वरचा पीळ उजवा दिसत होता. आतलं सगळं तुटताना पिंजारून गेलेलं, म्हणून आतला पीळ त्यांनी पुस्तकातून घेतला. पुस्तक म्हणत होतं, सगळ्या जगाचे दोर वळणारे आतला पीळ उजवाच देतात. म्हणजे दोन्ही पीळ उजवे. असा दोर टिकूच शकत नाही! आणि मामाजींचे बैल वर्षानुवर्षं त्यालाच बांधलेले.

दुसरा कोणी असता तर एकदा गावी जाऊन मामाजी दावं कसं वळतात ते पाहून आला असता. पण ही आमच्यासारख्या अडाण्यांची पद्धत झाली. साडूंनी ठरवलं की इथे निसर्गाचं काहीतरी गूढ आहे. मग अंबाडीचा चिकटपणा वाढवून बघितला. वऱ्हाडातली धूळ घालून बघितली. शेवटी त्यांना सुचलं की बैलाचा घाम मुरल्यामुळे दावं सुटत नसावं. कॉलेजच्या मागे एका गवळ्याची गुरं असत. तिथे हा प्राध्यापक माणूस, इस्त्रीच्या शर्टात, कापसाचा बोळा घेऊन बैलाची मान पुसताना विद्यार्थ्यांनी पाहिला. गवळी म्हणाला, "सर, लसीकरन हाय का?" साडू म्हणाले, "नाही, संशोधन." गवळ्याने बैल घरात बांधून टाकला. एवढं करून प्रबंधात बैलाच्या घामावर चाळीस पानांचं प्रकरण झालं आणि दावं जिलबीचं जिलबीच राहिलं.

एका दिवाळीला त्यांचा धीर सुटला. जेवणं झाल्यावर मामाजींसमोर बसून म्हणाले, "मामाजी, राग नका मानू, पण सिद्धांताप्रमाणे तुमचं दावं असूच शकत नाही. संगणकात ते टिकत नाही."

मामाजी सुपारी कातरत होते. "माह्या कोठ्यात टिकते," ते अडकित्ता गोठ्याकडे रोखून म्हणाले.

"पण का टिकतं?"

"बैलाले इचारा. तोच ओढते."

असं करता करता पंधरा वर्षं गेली. मागच्या वर्षी मार्गदर्शकांनी निर्वाणीचं सांगितलं, दिवाळीपर्यंत प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द. पंधरा वर्षं पाण्यात, आणि शिवाय ज्याच्यापायी सासऱ्यांचं मन दुखावलं तेच काम अर्धवट. आता उरला एकच मार्ग, मामाजींकडून नवीन दावं मागून घ्यायचं आणि ते पुन्हा मशीनवर तोडून बघायचं. साडू अकोल्याला आले, यावेळी वर्ध्याला न जाता. चेहरा पडलेला. म्हणाले, "भाऊ, तुम्ही मागा. तुम्हाला ते देतात." मी म्हणालो, "मी चलतो, गाडी चालवतो. मागाले तोंड तुमचं लागन."

पोळ्याच्या आदल्या दुपारी आम्ही पोचलो. मेहुणा बैलांची झूल आणि बेगड आणायला तेल्हाऱ्याला गेलेला. सासूबाईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्या हिरवी पट्टी लावून आत खाटेवर. मामाजी कोठ्यात, म्हणजे बैलांच्या गोठ्यात, अंबाडीची जुडी समोर घेऊन नुसतेच बसलेले. मी वाटेत साडूंना दहा वाक्यं पढवून आणली होती. आम्हाला आठवण राहावी म्हणून, आशीर्वाद म्हणून, वगैरे. साडू आत गेले आणि सरळ म्हणाले, "मामाजी, मले एक दावं पायजे."

"कायले? पुन्हा तोडाले?"

"हो."

मी कपाळाला हात लावला. मामाजी जुडी पुढे ओढत म्हणाले, "खोटं तं नाई बोलले. बसा. हे टोक धरा. दरसाल मामी धरते, यंदा तिचा डोया बांधला हाय. आन भाऊ, तुमी ते दार लोटून घ्या."

मी दार लोटलं आणि आतच उभा राहिलो. मामाजींनी धोतर मांडीपर्यंत सारलं, तंतूंची बट डाव्या मांडीवर ठेवली आणि डाव्या तळव्याने पुढे लोटली. मी डोळे चोळले. तीस वर्षं मी या माणसाच्या पंगतीला बसलो आहे. जेवण उजव्या हाताने, पाणी उजव्या हाताने, कोणाला रुपया द्यायचा तर उजव्या हाताने, सही उजव्या हाताने आणि तीही इतकी वाकडी की बँकवाले दोनदा विचारत. आणि तोच हात आता बाजूला नुसता पाहुण्यासारखा बसला होता. डावा हात असा चालत होता की जणू इतकी वर्षं घरातला कर्ता तोच. डाव्या हाताने वळलं की आतला पीळ डावा पडतो आणि त्यावर वरचा पीळ उजवा. एवढंच. बैलाच्या घामाचा काही संबंध नव्हता.

मला साडूंची भीती वाटली. हा माणूस आता उठून ओरडणार, फोटो काढणार, भिंग काढणार. साडूंचं तोंड उघडलंही. मामाजींचा हात थांबला.

"काय पाहून राहिले?"

"दोर, मामाजी."

"दोरच ना?"

"दोरच."

हात पुन्हा चालू झाला. साडूंनी टोक घट्ट धरून ठेवलं आणि तासन्‌तास एक शब्द बोलले नाहीत. ज्याने त्यांना ओळखलं आहे त्याला सांगायला नको की हे दावं तोडण्यापेक्षा कठीण काम होतं. पूर्वी घटकाभरात होणाऱ्या कामाला त्या दिवशी संध्याकाळ झाली. मामाजींची बोटं मधेच आखडत, ते ती गुडघ्यावर चोळत आणि पुन्हा बट उचलत. शेवटची गाठ मारून त्यांनी दावं साडूंच्या हातात दिलं. "घ्या. तोडा सुखानं. आता आनखी मांगू नका. बोटं आयकत नाईत."

चहाच्या वेळी सासूबाईंनी पट्टीआडून हळूच सांगितलं. "पाह्यलं ना तुमी? लहानपनी यायची माय यायचा डावा हात पाठीशी बांधून जेवाले बसवे. शायेत छड्या. मंग चारचौघांत सारं उजव्यानं शिकले. पन दावं काही उजव्यानं जमलं नाई. म्हून दार लोटून. मीच टोक धरो." मला कूलर गच्चीवर चढवायला वापरलेल्या दाव्याची आठवण झाली आणि चहा गोड लागेना.

चार दिवसांनी भर दुपारी दुकानात फोन. "भाऊ, हलत नाही! टोकं सोडली तरी जागच्या जागी आहे!" मला वाटलं म्हाताऱ्याचं काही झालं. "कोण? मामाजी?" "दावं हो! आतला पीळ उलटा केला, एका जागी अधिकचं उणे केलं, बस. आणि तोडून बघितलं. जुन्या अहवालातल्या आकड्याच्या अगदी शेजारी तुटलं." मी म्हणालो, "वा! आणि खरं? ते तोडलं का मशीनवर?" मग साडू म्हणाले, "ते कशाला तोडायचं आता?"

बैलाच्या घामाची चाळीस पानं फाडली गेली. तोंडी परीक्षेला मी हजर होतो, म्हणजे नंतरच्या फराळाला. तिथेच कळलं की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न धरला होता. "तुमच्याजवळ दुसरा नमुना होता म्हणता, मग तो मशीनवर तोडून पडताळा का घेतला नाही?" साडूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सर, तो सासऱ्यांनी दिला आहे." परीक्षकांनी पान उलटलं. मग म्हणाले, "ठीक आहे, पुढे चला." बहुधा त्यांनाही सासरे असावेत.

परवा मामाजींना बोटांच्या डॉक्टरकडे दाखवायला अमरावतीला नेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, वयाचं आहे. तिथून साडूंच्या घरी गेलो. संगणकाच्या वर, भिंतीच्या खिळ्याला ते दावं टांगलेलं. मी सहज हात लावायला गेलो तर साडू म्हणाले, "भाऊ, बघा नुसतं. हाताचं तेल लागतं." मग त्यांनी मामाजींना खुर्चीवर बसवून पडद्यावर दावं दाखवलं. आधी साठवून ठेवलेलं असल्यामुळे यावेळी दोन दिवस थांबावं लागलं नाही. ते ताणलं गेलं, एकेक तंतू तुटत गेला, आणि दोन तुकडे झाले. मामाजींनी मान खाली घातली. साडूंनी एक बटण दाबलं. दावं पुन्हा अख्खं झालं.

मामाजी पुढे सरकले. "आनखी एक डाव."

साडूंनी तोडलं आणि जोडलं. आणखी एकदा. मी घड्याळ बघितलं, पण कोणाला घाई दिसली नाही.

"हे कोन्त्या हातानं वयलं तुमी?" मामाजींनी विचारलं.

"डाव्या, मामाजी."

"मंग बरोबर हाय."

मेहुणीने चहा आणून मामाजींच्या उजव्या हाताशी ठेवला, नेहमीच्या सवयीने. मामाजींनी पडद्यावरची नजर न काढता कप डाव्या हाताने उचलला आणि सगळ्यांच्या देखत फुर्रकन घोट घेतला. आमच्या अकोल्याच्या घरी ते अजूनही उजव्या हातानेच चहा पितात.